खाफ्रेच्या पिरॅमिडचे हरवलेले दार

इजिप्तमधील गिझा येथील दुसरा भव्य पिरॅमिड राजा खाफ्रे याचा. त्याच्याखाली दालने नाहीत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले होते. युरोपातील विद्वानही शतकानुशतके तेच प्रमाण मानीत आले.

हा समज ज्याने मोडला, तो विद्वान नव्हता. जिओव्हानी बेल्झोनी हा इटलीतील पाडुआच्या एका नाभिकाचा मुलगा. लंडनच्या रंगमंचावर शक्तीचे प्रयोग करून तो पोट भरीत असे. १८१५ मध्ये पाणी उपसण्याचे नवे यंत्र विकण्यासाठी तो इजिप्तला आला. परंतु तेथील शासक महंमद अली याच्या दरबारी ते नाकारले गेले. व्यापार बुडाला, तरी जड वस्तू हलविण्याचे कसब शिल्लक होते. ते त्याने प्राचीन अवशेषांच्या कामी लावले.

१८१८ च्या फेब्रुवारीत त्याने स्वखर्चाने पिरॅमिडच्या उत्तर बाजूस खोदकाम आरंभिले. मध्यभागी वाट लागली खरी; पण ती पूर्वी कोणी बळाने फोडलेली व कोसळू पाहणारी होती. निराश न होता तो शेजारच्या खुफूच्या पिरॅमिडकडे गेला आणि तेथील प्रवेशमार्ग त्याने पुन्हा बारकाईने पाहिला. तो मधोमध नव्हता, पूर्वेकडे सरकलेला होता. तोच हिशेब येथे लावून त्याने सुमारे तीस फूट पूर्वेला खोदले. २ मार्च रोजी खरे प्रवेशद्वार सापडले.

आत ग्रॅनाइटची प्रचंड शिळा आडवी होती. पहारींनी ती इंचाइंचाने उचलली, खाली दगड सारले. फट पुरेशी होताच एक अरब मजूर मेणबत्ती घेऊन प्रथम आत गेला. धिप्पाड बेल्झोनीसाठी ती आणखी वाढवावी लागली.

अखेरच्या दालनात शवपेटी होती. झाकण फुटलेले, आत माती व थोडी हाडे. ती बैलाची असल्याचे पुढे ठरले. भिंतीवर अरबी लेख होता. म्हणजे शतकांपूर्वीच कोणी येथे येऊन गेले होते. बेल्झोनीनेही काजळीने आपले नाव व तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली. ती आजही दिसते.

राजाने पर्वताएवढे दगड रचूनही संपत्ती राहिली नाही. बेल्झोनीच्याही हाती सोने आले नाही. मात्र ऐकीव मतावर विसंबण्याऐवजी स्वतः मोजून पाहिल्याने दोन सहस्र वर्षांची चूक दुरुस्त झाली. जमेच्या बाजूस तेवढेच उरले, आणि तेच टिकले.