लुनाच्या इंजिनातली ठिणगी

अहिल्यानगरमधल्या कायनेटिक चौकाला ते नाव पडलं कारखान्यामुळे. नगर-दौंड रस्त्यावरच्या या कारखान्यात वर्षानुवर्षं लुना तयार होत होती. १९७२ साली हस्तीमल (ह. क.) फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती बाजारात आणली. फिरोदिया घराणं नगरचंच. हस्तीमलजींचे वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. इटलीत पियाज्जिओची ‘चाओ’ ही मोपेड १९६७ पासून धावत होती, तिच्यावरून लुना घडली. पन्नास सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पायडल आणि मागे भक्कम कॅरिअर. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे गावातून शहरात येणारी लुना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या इंजिनाची ताकद वेगळी सांगायला नको.

आता त्यातल्या कितीतरी लुना गोठ्यात, वाड्याच्या पडवीत किंवा भंगारवाल्याच्या अंगणात उभ्या आहेत. चौकट गंजलेली, सीट उंदरांनी कुरतडलेली. इंजिन मात्र बहुतेक वेळा जागेवर असतं. हौशी मुलं ते काढून घेतात, पाइप वाकवून-वेल्डिंग करून छोटी चौकट बनवतात, लहान चाकं लावतात आणि मिनी बाइक उभी करतात. अशा प्रत्येक गाडीपाशी पहिला प्रश्न एकच असतो: इतकी वर्षं पडून असलेलं इंजिन चालू होईल का? माझं उत्तर सहसा ‘होईल’ असंच असतं. पडून राहिलेल्या छोट्या इंजिनात लोखंड क्वचितच संपलेलं असतं. बिघडलेले असतात ते करंट आणि रबर.

करंटपासूनच सुरुवात करू. पॉइंटवाल्या जुन्या मोपेडच्या इंजिनाला चालायला बॅटरी लागत नाही. इंजिनाच्या एका बाजूला फिरणारं जड चाक असतं, त्याला मेकॅनिक नुसतं ‘मॅग्नेट’ म्हणतात. त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात आणि मध्ये स्थिर प्लेटवर कॉइल. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज निर्माण होते, आणि बदल जितका वेगाने होईल तितका विजेचा दाब जास्त. लुनाची सगळी वायरिंग या एका नियमावर उभी आहे.

चुंबक कॉइलवरून सरकला की तिच्या जाड तारेत करंट वाहू लागतो. पॉइंट, म्हणजे करंटची वाट जोडणारे-तोडणारे धातूचे दोन संपर्क, बंद असतात तोवर तो सुखाने फिरत राहतो. करंट भरात असताना कॅम पॉइंट उघडतो आणि वाट एकदम तुटते. शेतातल्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह मोटर चालू असताना झटक्यात बंद केला की वाहत्या पाण्याचा दाब पाइप फोडतो, तसंच इथे घडतं. वाहता करंट अचानक अडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि जाड तारेत काही शे व्होल्ट उसळतात. त्याच गाभ्यावर बारीक तारेचे हजारो वेढे असतात, त्यांत हा दाब दहा-पंधरा हजार व्होल्टपर्यंत जातो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. मिनिटाला तीन हजार फेरे असतील तर सेकंदाला पन्नास ठिणग्या, कारण टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी लागते.

या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित तुकडा म्हणजे कंडेन्सर. करंगळीच्या पेराएवढी डबी, धारकता साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरॅड. पॉइंट उघडू लागले की अडलेला करंट फटीतूनच उडी मारायला बघतो. तो उडाला तर क्षेत्र झटक्यात न कोसळता रेंगाळत उतरतं आणि प्लगची ठिणगी मरते. कंडेन्सर तेवढ्या क्षणापुरता तो करंट आपल्यात सामावून घेतो. डबीतला कागद जुना होऊन ओलावा धरतो आणि मग पॉइंटवर निळा जाळ दिसतो, धातूला खड्डे पडतात, प्लगवर पिवळट, अशक्त ठिणगी येते. अशा वेळी अनेक जण कॉइल बदलतात. आधी कंडेन्सर बदलावा, तो स्वस्त आहे आणि दोषी तोच असण्याची शक्यता जास्त. पॉइंटवर काळा थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून फिलर गेजने फट लावावी. अशा इंजिनांत ती सहसा ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते.

मॅग्नेट काढायला पुलरच वापरावा. हातोडीने ठोकून काढणारे कारागीर दोन नुकसानं करतात. क्रँकची टोकं वाकतात, आणि जुन्या मिश्रधातूच्या चुंबकाला धक्के बसून त्याच्या अणूंची शिस्त मोडते, म्हणजे चुंबक कमजोर होतो. मॅग्नेट क्रँकवर नेमका बसवणारी छोटी चावी झिजली किंवा तुटली असेल तर टायमिंग सरकतं आणि इंजिन काही केल्या ऐकत नाही.

ठिणगी तपासण्याची प्रचलित रीत अशी: प्लग काढायचा, हेडला टेकवायचा आणि इंजिन फिरवून बघायचं. ठिणगी दिसली की सगळे खूश. पण फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्येच मांडलेला नियम सांगतो की वायूचा दाब वाढला की त्यातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये हवा कित्येक पट दाबलेली असते. म्हणून उघड्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत पडणारी ठिणगी आत पडेलच असं नाही. उघड्या हवेत पाच-सहा मिलिमीटर फट ओलांडते ती ठिणगी खरी. ही तपासणी करताना पेट्रोलची टाकी आणि पेट्रोलने भिजलेला बोळा दूर ठेवावा, आणि वायरला उघड्या हाताने धरू नये.

मिनी बाइकची वायरिंग करताना नवखे अडकतात ते बंद करण्याच्या बटणापाशी. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत वाट तोडली की इंजिन बंद होतं. मॅग्नेटवर चालणाऱ्या गाडीत उलट आहे: पॉइंटकडून आलेली तार चौकटीला, म्हणजे अर्थला जोडली की इंजिन बंद होतं, कारण मग पॉइंट उघडले तरी करंटची वाट तुटतच नाही. मोटारसायकलचं साधं स्विच तसंच लावलं तर गाडी ‘ऑफ’ला चालते आणि ‘ऑन’ला बंद पडते. त्याहून वाईट म्हणजे, या तारेचं आवरण कुठे सोलून चौकटीला घासत असेल तर ठिणगी येतच नाही आणि माणूस दिवसभर कॉइल बदलत बसतो. ठिणगी नसेल तर सर्वांत आधी ही तार सोडवून बघावी. मिनी बाइकवर हे बटण हँडलवर, अंगठ्याच्या टप्प्यातच हवं.

दुसरी अडचण नव्या रंगाची. या गाड्यांत एकच तार जाते, परतीची वाट चौकटीतून असते. हौसेने पावडर कोटिंग केलेली चौकट दिसते सुंदर, पण तो थर वीज जाऊ देत नाही. इंजिनाचे बोल्ट, बाहेरची कॉइल, दिव्याची पट्टी जिथे टेकते तिथला रंग खरवडून उघडा धातू ठेवावा, किंवा सरळ इंजिनापासून वेगळी अर्थची तार ओढावी.

दिव्यांचं गणित मला या यंत्रातलं सर्वांत देखणं वाटतं. प्लेटवर दिव्याची वेगळी कॉइल असते. चाकात चार चुंबकीय ध्रुव असले तर एका फेऱ्यात विजेची दोन आवर्तनं होतात. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना सेकंदाला शंभर, घरच्या विजेच्या दुप्पट. वेग वाढला की दाब वाढतो, म्हणून लुनाचा दिवा रेस केल्यावर उजळायचा. पण आवर्तनं वाढली की कॉइल स्वतःच करंटला जास्त विरोध करते, त्यामुळे करंट एका मर्यादेपलीकडे फारसा वाढत नाही. रेग्युलेटर नसताना तारेच्या वेढ्यांतच हा आवर साधलेला आहे. मात्र तो ठरावीक वॅटच्या बल्बसाठी असतो. मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याचं ओझं कमी होतं, पुढच्यावर दाब चढतो आणि थोड्याच वेळात तोही उडतो. जुन्या लुनावाल्यांना हा अनुभव चांगला आठवत असेल. म्हणूनच तिथे बाजारातला एलईडी थेट जोडू नये. तो फारच कमी वीज घेतो, दाब सुसाट वाढतो आणि दिवा जळून जातो. एलईडी हवाच असेल तर मध्ये रेक्टिफायर-रेग्युलेटर घालावा.

आता रबर. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनची खालची बाजू पंपाचं काम करते. क्रँकच्या पेटीत मिश्रण ओढून घ्यायचं आणि दाबून वर ढकलायचं. त्यासाठी पेटी हवाबंद असावी लागते आणि ते काम क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सील करतात. त्या कडक झाल्या की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन आपोआप रेस होतं आणि तापतं. पिस्टनचं ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावतं, तेव्हा बिडाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन घट्ट अडकतो. यालाच सीज म्हणतात. दोन सील बदलल्याशिवाय जुनं इंजिन चालवू नये. अडकलेला पिस्टन सोडवायला प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल घालून थांबावं, ठोकाठोकी करू नये.

रबराचा नवा शत्रू नगर जिल्ह्याच्या ओळखीचा आहे. आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी याच जिल्ह्यात, प्रवरेच्या खोऱ्यात उभा केला आणि १९५० मध्ये तिथे गाळप सुरू झालं. उसापासून होणारं इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळतात आणि २०२५ मध्ये हे प्रमाण देशभर वीस टक्क्यांपर्यंत पोचलं. देशाचं परकी चलन वाचवणारं आणि उसाला आणखी एक गिऱ्हाईक देणारं हे धोरण आहे. लुनाचं इंजिन मात्र त्याच्या कितीतरी आधीचं आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे कार्बोरेटरचा जुना जेट तसाच ठेवला तर इंजिनाला जवळपास आठ टक्के इंधन कमी मिळतं. जेट एक नंबर मोठा घालावा आणि प्लगचा रंग बघावा: फिकट तपकिरी हवा, पांढरा पडला तर इंधन कमी आहे. इथेनॉल जुनी रबरी नळी आणि वॉशर फुगवतं, शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं होतं, आणि त्या थरात पेट्रोलमध्ये घातलेलं टू-टी ऑइल मिसळलेलं राहत नाही. इथेनॉलला टिकणारी नळी लावावी आणि गाडी ठेवून देताना टाकी-कार्बोरेटर रिकामे करावेत.

काही जण पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला सांगतात. रोज वापरायच्या गाडीला ते ठीक. पण शिकण्यासाठी बनवलेल्या मिनी बाइकवर पॉइंटच ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बंद डबीतलं सर्किट बिघडलं की फेकावं लागतं. पॉइंट उघडून बघता येतात, आणि मुलाला फॅरेडेचा नियम पाठ करण्याऐवजी हाताखाली दिसतो.

एक गोष्ट पालकांसाठी. मोटार वाहन कायद्याने सोळा वर्षांच्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळू शकतो, पण याचा अर्थ घरी बनवलेली मिनी बाइक रस्त्यावर आणता येते असा नाही. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही, आणि नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेतही कलम ५२ मनमानी बदल करू देत नाही. शेतात, खासगी मैदानात, हेल्मेट घालून चालवावी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना पुन्हा बाजारात आली, यावेळी दोन किलोवॅट-तासाच्या बॅटरीवर. तिच्या मोटरीतही चुंबक आणि तारेची वेटोळीच आहेत. ज्यांच्या पडवीत जुनी लुना उभी असेल त्यांनी ती किलोच्या भावाने भंगारात देण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये किंवा शाळेच्या विज्ञान शिक्षकांकडे एकदा विचारून पाहावं. निदान मॅग्नेट, प्लेट आणि कॉइल एवढं तरी प्रयोगशाळेत पोचवावं.