भात गेलं, पैसे कधी?

जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि बदलापूरजवळच्या चामटोलीचं नाव टीव्हीवरून घराघरांत पोहोचलं. हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. पण पाणी ओसरल्यावर इथल्या भाताचं काय होतं, हे बघायला कोणी येत नाही. बचतगटाच्या निमित्ताने मी तिकडे जाते, म्हणून मला थोडंफार कळतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गटातल्या एका ताईंनी 14 क्विंटल भात खळ्यावरूनच एका व्यापाऱ्याला दिलं. भाव ठरला 1,900 रुपये, म्हणजे एकूण 26,600. आठ हजार हातावर ठेवून तो म्हणाला, "बाकीचे पंधरा दिवसांत." पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. फोन उचलेना. मुलीची कॉलेजची फी भरायची होती. एका बैठकीत ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनी, माणूस चांगला आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

मैत्रिणींनो, खरंच मीच म्हटलं होतं. आमच्या ओळखीतला, बोलायला गोड. त्याच्याकडे परवाना आहे का, हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नशिबाने ताईंच्या मुलीने वहीत प्रत्येक गोणीचं वजन लिहून ठेवलं होतं. ती वही घेऊन आम्ही चौघी त्याच्या दारात गेलो. चार बायका बघून त्याने 10,000 चा चेक फाडला, उरलेले 8,600 "नंतर". चेक परत आला. मग वकिलांना गाठलं. चेक न वटल्याचं बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवसांची मुदत असते. तरीही पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार करता येते. आमचे 10,000 नोटीस गेल्यावर बाराव्या दिवशी आले. 8,600 मात्र आजही आलेले नाहीत. जेवढ्याचा कागद होता, तेवढंच परत मिळालं!

हे दुखणं एकट्या चामटोलीचं नाही. 2020 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 3 लाख 32 हजारांचा मका विकला. हाती 25,000 आले, बाकी पैसे काही महिने अडकले. तेव्हाच्या नव्या केंद्रीय कायद्यात तीन दिवसांत पैसे देण्याची अट होती. त्याने प्रांताधिकाऱ्यांकडे तक्रार केली आणि पैसे मिळाले. नोव्हेंबर 2020 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही त्याचा उल्लेख केला. पण त्याच कायद्याने नुसत्या पॅनकार्डावर खरेदीची मुभा दिली होती, परवाना नाही की अनामत नाही. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि त्याच वर्षअखेरीस तो रद्द झाला.

मग आपल्या हातात काय आहे? बाजार समितीचा परवाना असलेल्या व्यापाऱ्यालाच माल द्यायचा. तिथे त्याची नोंद असते आणि पैसे थकले तर समितीकडे तक्रार नेता येते. दुसरा मार्ग सरकारी खरेदी केंद्राचा. सातबारा आणि बँक पासबुक घेऊन वेळेत नोंदणी करायची. 2025-26 साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये आहे. पैसे यायला कधी उशीर होतो, हे खरं. पण ते खात्यात येतात, बुडत नाहीत. आणि घाईने विकायची वेळच येऊ नये, म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज मिळतं. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, एवढं विचारून यायचं.

कॅनडात धान्य घेणाऱ्या परवानाधारक कंपनीला सरकारकडे तारण ठेवावं लागतं. कंपनी बुडाली तर त्यातून शेतकऱ्याला भरपाई मिळते, पण त्यालाही ठरलेल्या मुदतीतच मागावी लागते. म्हणजे तिथेही स्वस्थ बसून चालत नाही.

आता आमच्या गटाने नियमच केलाय. गोणी खळ्यावरून हलण्याआधी वजन, भाव, तारीख लिहायची आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. परवान्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवायचा. "ओळखीचा आहे, सही कशी मागू?" असं कोणी म्हटलं, की ताईच उत्तर देतात, "ओळखीचा असेल तर सही करायला लाजेल कशाला?" आणि कोर्टाची वेळ आलीच, तर महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा.

लावणीपासून झोडणीपर्यंत शेतात कंबर आपलीच मोडते. वजनकाट्याशी मात्र घरातले पुरुष उभे असतात आणि आपण चहा करायला आत जातो. या सुगीला चहा थोडा उशिरा झाला तरी चालेल. वही-पेन घेऊन काट्याजवळ उभ्या राहा. मीही माझं वागणं बदललंय. कुणाची शिफारस करायची झाली, तर आधी परवाना बघते.