बिंदूची वर्तुळसापेक्ष शक्ती : तीन प्रमेये, एक राशी

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्राच्या दहावीच्या भूमितीच्या पाठ्यपुस्तकात जीवांचे आंतरछेदन, त्यांचे बाह्यछेदन आणि स्पर्शिका-छेदिका रेषाखंड यांविषयीची तीन प्रमेये स्वतंत्रपणे येतात. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातही आंतरछेदन (३५ वे विधान) आणि स्पर्शिका (३६ वे) वेगळीच आहेत. त्यामुळे महाविद्यालयात येणारा विद्यार्थी तीन सूत्रे पाठ करून येतो. तिन्हींमागील राशी एकच आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. याकोब स्टाइनर याने १८२६ मध्ये या राशीस ‘शक्ती’ असे नाव दिले.

क केंद्र असलेल्या वर्तुळाच्या प्रतलातील प या बिंदूतून जाणारी रेषा वर्तुळास अ व ब येथे छेदते, असे मानू. क मधून रेषेवर टाकलेला लंब जीवेस म येथे दुभागतो. प बाहेर असल्यास

पअ × पब = (पम − मअ)(पम + मअ) = पम² − मअ²

पायथागोरसच्या प्रमेयानुसार पम² = पक² − कम² आणि मअ² = त्रिज्या² − कम². वजाबाकीत कम² नाहीसा होतो व पक² − त्रिज्या² उरते. रेषेच्या निवडीवर अवलंबून असलेली एकमेव राशी कम होती. तीच गळून पडते, हे या सिद्धतेचे मर्म होय. अ व ब एकरूप झाले की स्पर्शिकेचा वर्ग मिळतो. प आत असल्यास दोन्ही खंड विरुद्ध दिशांना असतात, म्हणून शक्ती ऋण.

आंतरबिंदूची एक विशेष स्थिती भारतीय गणितास जुनीच परिचित आहे. ‘आर्यभटीया’च्या (इ. स. ४९९) गणितपादात दोन शरांचा गुणाकार अर्धज्येच्या वर्गाइतका सांगितला आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (११५०) कमळाचे उदाहरण याच नियमाचे आहे : पाण्यावर अर्धा हात असलेले कमळ वाऱ्याने दोन हात सरकून बुडाले, तर खोली किती? देठाचे मूळ हे केंद्र, देठ ही त्रिज्या. देठ पाण्याबाहेर येतो त्या बिंदूची शक्ती −४; म्हणून उभ्या व्यासाचा दुसरा खंड ४ ÷ १/२ = ८ हात, त्रिज्या १७/४ आणि खोली १५/४ हात.

बाह्यबिंदूसाठी कळसूबाई शिखर (१६४६ मी.) घ्यावे. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ कि.मी. मानल्यास शिखराची शक्ती १.६४६ × १२७४३.६४६, आणि समुद्रसपाटीच्या क्षितिजापर्यंतची स्पर्शिका सुमारे १४५ कि.मी. येते (वातावरणातील वक्रीभवन वगळून).

वैश्लेषिक भूमितीत वर्गपदांचे सहगुणक १ असलेल्या वर्तुळ-समीकरणाच्या डाव्या बाजूत बिंदूचे सहनिर्देशक ठेवले की हीच शक्ती मिळते. उत्तर ऋण आले की ‘स्पर्शिका संभवत नाही’ एवढे लिहून विद्यार्थी थांबतो. वास्तविक त्या ऋण संख्येलाही लांबी आहे : तिचे चिन्ह बदलून घेतलेले वर्गमूळ म्हणजे त्या बिंदूशी दुभागणाऱ्या जीवेचा अर्धा भाग. कमळाच्या उदाहरणात ते दोन हात आहे.