सागाच्या कडीपासून चौकोनी पाइपापर्यंत

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा इथल्या खेड्यातल्या घरात कापायचं म्हणजे बहुतेक लाकूडच असे. सागाच्या कड्यांवर आणि खांबांवर उभं असलेलं धाब्याचं घर, बाभळीची वखर-तिफण, बैलगाडीची साटी, कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे. लोखंड होतं ते वखराच्या पासेला, नांगराच्या फाळाला नाही तर चाकाच्या धावेला. ते लोहाराच्या भट्टीत घडायचं, घरी कापायची वेळ क्वचितच यायची. त्यामुळे घरात एखादी करवत असली की भागे, आणि नळाच्या पाइपासाठी कुणाकडून तरी हॅक्सॉ मागून आणला की झालं. दोन पदार्थ, दोन हत्यारं, आणि दोन्हीतलं मोठं काम करणारे सुतार-लोहार गावातच. अशा घराला ‘लोखंड आणि लाकूड दोन्ही कापेल अशी एक करवत कोणती’ हा प्रश्न पडण्याचं कारणच नव्हतं. तो पडू लागला तो गेल्या पाव शतकात, आणि त्याचं उत्तर यंत्रांच्या जाहिरातींपेक्षा या काळात घरातल्या सामानाचं काय झालं यात जास्त सापडतं.

झालं असं की लाकूड दुर्मीळ आणि महाग होत गेलं. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्यामुळे स्वतःच्या बांधावरचा सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या आदेशापासून जंगलतोड आणि आरागिरण्या या दोन्हींवर न्यायालयाची नजर बसली. 2002 च्या आदेशाने नव्या आरागिरणीची वाट आणखी अवघड केली. इकडे सोयाबीनने कपाशी-ज्वारीची जागा घेतली, ट्रॅक्टर आला, आणि लाकडी अवजारं पडवीत पडून राहिली. घराचं दार लोखंडी चौकटीत बसलं, गोठ्यावर अँगल आणि टिनपत्रे चढले, खिडकीला चौकोनी पाइपाची जाळी आली, शेतात पीव्हीसी आणि तुषार संचाचे पाइप पसरले. घरकुल योजनांनी आणि स्लॅबच्या हौसेने धाब्याची घरं एकेक करून उतरवली गेली. उतरवलेल्या घरातला साग मात्र कुणी फेकला नाही. त्या कड्यांतून दारं निघतात, पलंग निघतात, नाही तर त्या विकल्या तरी जातात.

ही जुनी कडी नीट पाहिली पाहिजे, कारण सगळा प्रश्न तिच्यातच आहे. वरून धुराने काळी पडलेली, आत सोन्यासारखी पिवळी, आणि जागोजाग खिळे. काहींची डोकी दिसतात, काहींची गंजून गळून गेलेली असतात आणि खिळ्याचा दांडा तेवढा लाकडात राहिलेला असतो. सुताराच्या यंत्रावरचं कार्बाइड दातांचं गोल पातं अशा खिळ्यावर गेलं की दातांची टोकं उडतात. साधी करवत गेली तर दात बोथट होतात. लोखंड कापणारं पातं घ्यावं तर ते सागाच्या भुशाने भरून जाग्यावर फिरत राहतं. म्हणजे वाशिमच्या घरात लाकूड आणि लोखंड ही दोन कामं राहिलेली नाहीत. बऱ्याचदा ती एकाच छेदात समोर येतात. म्हणून माझं मत असं की बहुउपयोगी करवत निवडताना किती पदार्थ कापते याची यादी बघू नये. लाकडातून लोखंडावर आणि लोखंडातून लाकडावर जाताना तिचं पातं टिकतं का, एवढं बघावं.

पातं टिकणं हा मुख्यतः वेगाचा प्रश्न आहे. लाकूड वेग सहन करतं. 185 मिमी पात्याची सुताराची गोल करवत मिनिटाला साधारण साडेपाच हजार फेरे घेते, म्हणजे दात मिनिटाला तीन हजार मीटरहून जास्त धावतात. साधं पोलाद हायस्पीड स्टीलच्या दाताने कापायचं तर हा वेग मिनिटाला तीसेक मीटरच्या आसपास हवा. त्याहून फार वाढला की दाताचं टोक तापून मऊ पडतं. दोन वेगांत शंभरपट अंतर असताना गोल फिरणारं एकच पातं दोन्हीकडे चालावं ही अपेक्षाच अवाजवी आहे. पुढेमागे चालणाऱ्या करवतीचा हिशेब वेगळा पडतो. 28 मिमीचा स्ट्रोक आणि मिनिटाला 2800 स्ट्रोक धरले तर कापणाऱ्या दिशेने दात मिनिटाला 78 मीटर जातो, आणि घोडा अर्धा दाबला की तोच वेग लोखंडाला सोसेल इतका खाली येतो. हाताने चालवायचा हॅक्सॉ तर याहूनही सावकाश. त्यात चुकण्यासारखं फार नाही.

मग या जिल्ह्यात राज्य कुणाचं झालं? ग्राइंडरचं. गावागावात त्याला ‘कटर’ म्हणतात. 1954 साली जर्मनीत फ्लेक्स या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने अँगल ग्राइंडर आणला, आणि अर्ध्या शतकानंतर तो इथल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांतून घराघरात शिरला. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. जून 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. पुढची काही वर्षं विदर्भातल्या खेड्यांनी भारनियमनातच काढली. लाइन येईल तेवढ्या वेळात काम उरकायचं तर ग्राइंडरइतकं वेगवान काही नव्हतं. तो मुळात कापतच नाही, घासतो. चार इंची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते, म्हणजे तिची कड सेकंदाला 57 मीटरच्या आसपास धावते. चकतीला दात नसल्याने तापून बोथट होण्यासारखंही काही नसतं. पाइप, सळई, अँगल, टिनपत्रा सगळं त्यातून निघतं. गंजलेल्या बोल्टाचं डोकं उडवायला आजही त्याच्यासारखं हत्यार नाही, हे मान्यच करावं लागेल.

पण लाकडाशी गाठ पडली की तो उघडा पडतो. घासणारी चकती लाकूड जाळते. म्हणून लोक तिच्या जागी लाकडाचं दातेरी पातं बसवतात; ते बसत नाही म्हणून गार्ड काढून टाकतात. अकरा हजार फेऱ्यांचं दातेरी पातं, खाली टेकायला पट्टी नाही, वर गार्ड नाही, आणि समोर खिळ्यांची कडी: हाताला झटका बसला की यंत्र कुठे उडेल याचा नेम नसतो. दुसरी गोष्ट ठिणग्यांची. सोयाबीनचं कुटार, तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा हे सगळं ज्या अंगणात आणि गोठ्याच्या कडेला रचलेलं असतं, तिथेच गोठ्याचा अँगल कापायचा असतो. फाल्गुन-चैत्रातल्या उन्हात हा जुगार आहे. दातेरी करवत लोखंडाचा कीस पाडते, ठिणग्यांचा फवारा सोडत नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कोणतंच यंत्र चालवू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि ती धूळ फुप्फुसात राहते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मार्बल कटरवाल्यांचा. दगडासाठी बनलेलं हे छोटं यंत्र लाकडाचं पातं लावून सुतारांनी आपलंसं केलं. खाली पट्टी असते, रेघ सरळ येते, प्लायवूड झकास कापलं जातं. पण 110 मिमीच्या पात्याने छेद जेमतेम 30-35 मिमी खोल जातो, आणि लोखंडासाठी त्याचा वेग फारच जास्त. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गोल पात्याची, कमी वेगाची, खास कार्बाइड दातांची करवत लोखंड, खिळ्यांचं लाकूड आणि ॲल्युमिनियम एकाच पात्याने कापते, मग गोल पातं मोडीत कशाला काढायचं? अशा करवती आहेत; ब्रिटनमधल्या इव्होल्यूशन कंपनीने त्यावरच नाव कमावलं. मात्र त्यांच्याही यशाचं गमक वेग कमी करण्यातच आहे, म्हणजे त्या माझ्याच मुद्द्याला दुजोरा देतात. रोज पाइप कापणाऱ्या दुकानाला त्या फायद्याच्या. उभ्या भिंतीतला पाइप, गोठ्याच्या छपरातली कडी, बाभळीची वाकडी फांदी अशा आडवळणाच्या जागी गोल यंत्र टेकतच नाही, आणि घरातलं काम बहुतेक अशाच जागी असतं.

मग उरतात पुढेमागे चालणाऱ्या दोन करवती. जिगसॉ आधी आली. 1940 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीत ती आकाराला आली; शिलाई मशीनच्या सुईच्या जागी पातं लावून पाहण्यातून ती सुचल्याचं सांगतात. पुढे बॉशने ती कंपनी घेतली. वळणदार आणि नाजूक कामाला जिगसॉ उत्तम, पण तिचं पातं एकाच टोकाला धरलेलं आणि आखूड. लोखंडात पाच-दहा मिमी आणि लाकडात सत्तर-ऐंशी मिमीच्या पुढे घरगुती जिगसॉ जात नाही. चार-पाच इंची कडीपुढे ती थांबते. दुसरी रेसिप्रोकेटिंग सॉ, जी अमेरिकेत मिलवॉकी कंपनीने 1951 साली सॉझॉल नावाने आणली. तिचं पातं सहा इंचांपासून बारा इंचांपर्यंत मिळतं, मागची बाजू लवचीक पोलादाची आणि दातांची कड हायस्पीड स्टीलची अशी जोडलेली, ज्याला बायमेटल म्हणतात. खिळा लागला तर असं पातं वाकतं, तुटत नाही. मुख्य म्हणजे तिच्या पात्याचा दांडा बहुतेक कंपन्यांमध्ये एकाच मापाचा असतो, म्हणून यंत्र एका कंपनीचं आणि पातं दुसऱ्या कंपनीचं चालून जातं. जिथे हव्या त्या कंपनीचं पातं मिळायला अकोल्याला जावं लागतं, तिथे ही बारीक गोष्ट नाही.

कापणी ओबडधोबड येते, ही तिची खरी उणीव. चौकटीचा सांधा तिने कुणी घेऊ नये. पण इथेच मागोव्याचा उपयोग होतो. 1998 च्या सुमाराला घरची करवत थोडंफार घडवण्याचं काम करायची: दांडा, खुंटी, फळी. आज घडवण्याचं काम सुताराच्या आणि फॅब्रिकेटरच्या दुकानात गेलं. घरी उरलं ते मोडण्याचं, सोडवण्याचं आणि दुरुस्तीचं. जुनी कडी लांबीत कापणं, गंजका पाइप वेगळा करणं, वादळात पडलेला लिंब हटवणं. या कामात कड किती गुळगुळीत आली याला महत्त्व नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र टाळता येत नाही. ग्राइंडर स्वस्त आहे आणि ही करवत त्याहून महाग. बॅटरीवरची तर आणखी, कारण लिथियम बॅटरी 2005 नंतर हत्यारांत आली तरी तिची किंमत अजून यंत्राइतकीच बोचते. वर्षातून दोन-चारदा पाइप कापणाऱ्या घराने यंत्र घेऊच नये. नाशिकच्या टपारियासारख्या कंपनीची हॅक्सॉची चौकट आणि बायमेटल पाती एवढ्यावर त्याचं भागतं. फक्त पातं दात पुढच्या बाजूला ठेवून लावावं, आणि निदान तीन दात पाइपाच्या जाडीवर टेकलेले असावेत. 16 गेजच्या चौकोनी पाइपाची भिंत 1.6 मिमी, इंचाला 24 दातांच्या पात्याचे त्यावर जेमतेम दीड दात टेकतात आणि दात उडतात. तिथे 32 दातांचं पातं घ्यावं, आणि पाइपाच्या कोपऱ्यावरून तिरका छेद धरावा. यंत्र घ्यायचंच ठरलं तर विजेवरची, घोड्यावर वेग कमीजास्त होणारी रेसिप्रोकेटिंग सॉ घ्यावी. सोबत खिळ्यांच्या लाकडासाठी इंचाला सहा ते दहा दातांची आणि लोखंडासाठी चौदा ते चोवीस दातांची पाती आधीच आणून ठेवावीत, आणि चालवताना तिचा पुढचा बूट कडीला घट्ट टेकवून धरावा. नाही तर पात्याऐवजी कडीच हलते.