कॉलम बदलण्याआधी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजमध्ये छोटी हॅचबॅक उभी आहे. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा पिवळा दिवा पेटलाय. गाडी लावताना-काढताना स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, रस्त्याला लागल्यावर मात्र फारसा त्रास नाही. आधीच्या ठिकाणी मालकांना थेट ‘स्टेअरिंगचा कॉलम बदला’ असं सांगितलं गेलं.

मिस्त्री लगेच स्कॅनरला हात लावत नाहीत. पुढच्या टायरांची हवा बघतात, मग जॅक लावून पुढची चाकं उचलतात आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग फिरवतात. इथं अडखळलं, तर दोष बॉल जॉइंट, स्ट्रटचं बेअरिंग किंवा कॉलमखालच्या जोडात शोधायचा. पण ते एकसारखं फिरलं.

म्हणजे आता वीज. चालक स्टेअरिंगला किती पीळ देतो हे टॉर्क सेन्सर मोजतो आणि त्यानुसार कंट्रोल युनिट स्टेअरिंग वळवायला मदत करणाऱ्या मोटरला करंट देतं. सरळ रस्त्यावर मोटर जेमतेम करंट घेते. उभ्या गाडीत पूर्ण वळण घेताना मात्र तीच 50 अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढू शकते. कच्चा जोड उघडा पडतो तो नेमका तेव्हा.

स्कॅनर ‘व्होल्टेज कमी’ असा कोड दाखवतो, पण बॅटरी बंद गाडीत 12.6 आणि चालू इंजिनवर 14.1 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मिस्त्री मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी कंट्रोल युनिटच्या अर्थिंगच्या बोल्टवर धरतात. “फिरव की रे, पूर्ण फिरव!” पोरगं स्टेअरिंग वळवतं आणि शून्याजवळचा आकडा 1.7 वर चढतो. तेवढे व्होल्ट वाटेतच जिरतायत.

बॅटरीचं निगेटिव्ह काढून बोल्ट खोलला, तर वॉशरखाली नुसता गंज. इथल्या पावसाळ्यात पायातली मॅटिंग ओली राहते, त्याचा हा प्रसाद. पॉलिश पेपरने धातू उजळ करून बोल्ट आवळला. पुन्हा वळण घेतलं, तर आकडा 0.1. कोड पुसला, दिवा परत आला नाही. या दुरुस्तीला एकही नवा भाग लागला नाही!

स्टेअरिंग जड होण्याचं प्रत्येक कारण बिघाडच असतं असंही नाही. अडचणीच्या जागेत पुन्हा पुन्हा टोकापर्यंत वळवलं, की मोटर तापते आणि युनिट स्वतःच मदत कमी करतं. थोडा वेळ थांबलं की ती परत येते. टॉर्क सेन्सर खरोखर बिघडतो आणि तेव्हा बऱ्याच गाड्यांत कॉलमच बदलावा लागतो, हेही खरं. पण कुणी कॉलम बदलायला सांगितलं, तर स्टेअरिंग वळवत असताना घेतलेलं मीटरचं रीडिंग आधी मागून घ्या.