जुनी लाइन, नवे फोन आणि मधला दुभाषी

सुरतेत डिंडोलीला लागून असलेल्या नवागाममध्ये मी कार्यालयांचे फोन बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. नंदुरबार, धुळे, जळगाव या भागातून आलेली मराठी माणसे इथे मोठ्या संख्येने राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी असा आमचा दिवस जातो. एका बोलीतले दुसऱ्या बोलीत सांगणे आम्हाला नवे नाही. या लेखात ज्या यंत्राची ओळख करून द्यायची आहे, तेही हेच काम करते. जुन्या तारेच्या फोनचे म्हणणे ते इंटरनेटवरच्या फोनला सांगते आणि त्याचे उत्तर परत आणते.

एका प्रवासी वाहतूक कार्यालयाने मला बोलावले होते. खालच्या मजल्यावर जुने ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयाचे स्वतःचे छोटे एक्स्चेंज होते. वर नवा मजला बांधून तिथे इंटरनेटवर चालणारे फोन घेतले होते. मालकांची अट एकच होती: जुना ०२६१चा नंबर जाता कामा नये. तो पावतीपुस्तकांवर छापलेला होता, गावाकडच्या लोकांनी वह्यांत लिहून ठेवलेला होता. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. लँडलाइनला ती नाही. म्हणून जुनी लाइन ठेवायची आणि ती नव्या फोनांशी जोडायची, एवढाच मार्ग होता.

दोन फोन, दोन रीती

जुन्या फोनमध्ये सगळा व्यवहार तांब्याच्या दोन तारांवर चालतो. एक्स्चेंज त्या तारांवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब ठेवते. आपण फोन उचलला की आतला खटका जुळतो आणि वीज वाहू लागते. ‘कोणीतरी उचलला’ हे एक्स्चेंजला त्यावरूनच कळते, आणि ते डायल टोन देते. घंटी वाजवायची असेल तर एक्स्चेंज त्याच तारांवर सुमारे ७५ व्होल्टची, सेकंदाला २५ वेळा दिशा बदलणारी वीज सोडते. म्हणजे ‘उचलणे’ आणि ‘ठेवणे’ ही आपली रोजची क्रियापदे त्या यंत्रणेत विजेच्या रूपाने खरोखर घडतात.

इंटरनेटवरच्या फोनमध्ये असे काही नसते. तिथे आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मापाला ८ बिटांचा आकडा देतात. हे झाले सेकंदाला ६४,००० बिट. ही पद्धत १९७२ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरली आणि आजही वापरात आहे. हे आकडे बहुधा २० मिलिसेकंदांच्या पुडीत बांधून पाठवतात, म्हणजे एका बाजूने सेकंदाला ५० पुड्या जातात. कॉल लावणे आणि तोडणे यासाठी मात्र वेगळे लेखी निरोप असतात. त्यांचा प्रचलित नियमसंच ‘सिप’ या नावाने ओळखला जातो. त्याचा पहिला मसुदा १९९९चा, सध्याचा मूळ मसुदा २००२चा. त्यात बोलावण्याचा निरोप ‘इन्व्हाइट’ आणि बोलणे संपल्याचा ‘बाय’. मराठीत संदेशालाही निरोप म्हणतात आणि जाताना घेतात तोही निरोपच. ‘बाय’ला दोन्ही अर्थ लागू पडतात.

मधला डबा

या दोन रीतींच्या मध्ये गेटवे नावाचा डबा बसतो. त्याला दोन प्रकारची तोंडे असतात आणि नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो. ‘एफएक्सएस’ हे तोंड एक्स्चेंजचे सोंग घेते: वीज पुरवते, डायल टोन देते, घंटी वाजवते. त्याला साधा फोन जोडायचा, किंवा जुन्या ईपीएबीएक्सची बाहेरच्या लाइनची जागा. ‘एफएक्सओ’ हे तोंड फोनचे सोंग घेते: घंटी ओळखते, लाइन उचलते, नंबर फिरवते. त्याला बाहेरून आलेली लाइन जोडायची. दोन एफएक्सएस समोरासमोर जोडले तर दोन्ही वीजच देत बसतात. कॉल तर लागत नाहीच, पण तोंड जळण्याची भीती असते. शिकाऊ मुलांना मी एवढेच सांगतो: एक घंटी वाजवणारा आणि एक ऐकणारा, अशी जोडी लावा.

आमच्या कामात जुनी लाइन एफएक्सओला दिली आणि डबा वरच्या मजल्याच्या नव्या यंत्रणेशी जोडला. खालच्या ईपीएबीएक्सला एफएक्सएसमधून वाट करून दिली. संध्याकाळी दोन्हीकडून कॉल लावून पाहिले, आवाज स्वच्छ आला, आणि मी घरी गेलो.

ताल चुकला

त्या रात्री त्यांची एक गाडी नवापूरजवळ बंद पडली. प्रवाशांची माणसे सुरतेत वाट पाहत होती. त्यांच्याजवळ कार्यालयाचा तोच एक नंबर होता आणि तो रात्रभर एंगेज लागत होता. सकाळी मी पोहोचलो तेव्हा कार्यालयात बरीच बोलणी खावी लागली, आणि ती वाजवी होती.

झाले असे. रात्री आठच्या सुमारास कोणीतरी फोन केला, बोलून ठेवून दिला. इंटरनेटच्या बाजूला असते तर ‘बाय’चा निरोप गेला असता. साध्या लाइनवर तसा निरोप नसतो. पलीकडच्याने फोन ठेवला की एक्स्चेंज आपल्या कानात ‘टूं... टूं...’ वाजवते. माणूस ते ऐकून रिसीव्हर खाली ठेवतो. डब्याला ते ऐकून ओळखावे लागते, आणि माझ्या डब्याला ते ओळखता आले नाही.

कारण हा सूर देशोदेशी वेगळा आहे. भारतात एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद थांबतो. अमेरिकेत ४८० आणि ६२० हर्ट्झचे दोन सूर एकत्र, अर्धा सेकंद वाजून अर्धा सेकंद थांबतात. डबा कारखान्यातून अमेरिकेचा सूर शिकून आला होता. आमच्या एक्स्चेंजने रात्रभर ‘ठेवला, ठेवला’ म्हणून सांगितले, आणि ही त्याच्या लेखी निव्वळ खरखर होती. लाइन धरून तो बसून राहिला. सेटिंगच्या पानावर चार आकडे बदलले आणि काम झाले. शिवाय, बराच वेळ दोन्ही बाजूंनी शांतता असेल तर कॉल आपोआप तोडावा, अशी सूचनाही घातली. तेव्हापासून ही तपासणी केल्याशिवाय मी जागा सोडत नाही: बाहेरून फोन करायचा, आधी बाहेरच्याने ठेवायचा आणि लाइन सुटते का ते पाहायचे.

नियम आणि वीज

अशी जोडणी करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली कायद्याची. भारतात इंटरनेटवरून बोलण्याला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, पण ते कॉल देशातल्या साध्या फोनांना जोडण्याची मुभा नव्हती. जून २०१८ मध्ये परवान्यांच्या अटी बदलून तो मार्ग मोकळा झाला. तरीही जोडणी परवानाधारक कंपनीचीच हवी. परदेशातले कॉल अशा डब्यातून चोरवाटेने स्थानिक लाइनवर सोडणे हा गुन्हा आहे. दुसरी गोष्ट विजेची. साध्या फोनला एक्स्चेंजच वीज देत असे, म्हणून घरची वीज गेली तरी फोन चाले. डबा, राउटर आणि नवे फोन यांना मात्र भिंतीतली वीज लागते. तिघांनाही यूपीएसवर ठेवावे, आणि एक साधा फोन थेट लाइनवर लावता येईल अशी सोय राखावी.

शब्दांपाशी थोडे

माझ्याकडे शिकायला येणारी मुले बहुतेक सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांतली. डब्याबरोबरची माहितीपुस्तिका इंग्रजीत असते. तिच्यात त्या वाजण्या-थांबण्याच्या क्रमाला ‘केडन्स’ म्हटले आहे. त्या शब्दापाशी मुले अडत. मी ‘ताल’ म्हणालो आणि एका मुलाने टेबलावर बोटांनी पाऊण-पाऊण सेकंदाचा ठेका धरून दाखवला. पुढे सेटिंग त्यानेच केले. गेटवे, पोर्ट, एक्स्टेंशन हे शब्द तसेच राहिले तरी काही बिघडत नाही; ते आता आमचेच झाले आहेत. पण जिथे काम कशाने चालते हे समजून घ्यायचे असते, तिथे ‘ताल’सारखा शब्द हाताशी लागतो. तो मुलगा आता एकटा जोडण्या करतो आणि लाइन सुटल्याचे स्वतः ऐकल्याशिवाय उठत नाही.