‘तुरळक’ म्हणजे नेमकं कुठे?

ऑक्टोबर म्हणजे सकाळी चटके आणि दुपारी चारला गडगडाट. ग्रुपवर ‘यलो अलर्ट’ फिरतो, पाऊस काही येत नाही आणि हवामान खात्यावर मीम्स सुरू! पण अंदाज नीट वाचलात का?

अलर्ट असतो अख्ख्या जिल्ह्यासाठी, तुमच्या कॉलेजच्या गेटपुरता नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. त्यामुळे हडपसर कोरडं राहिलं आणि भोरमध्ये धो धो कोसळला, तरी अंदाज चुकला असं नाही. रंग सांगतात ती तयारी: यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे सज्ज राहा, रेड म्हणजे लगेच कृती करा.

परतीच्या पावसाचे ढग दुपारी बघता बघता उभे राहतात. म्हणून सकाळच्या अंदाजावर विसंबू नका. निघण्याआधी पुढच्या ३ तासांचा ‘नाऊकास्ट’ बघा, विजांसाठी पुण्याच्या ‘आयआयटीएम’चं ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा. वीज यलो अलर्टमध्येही पडते. गडगडाट ऐकू आला की मॅच थांबवा. झाडाखाली नको, पक्क्या इमारतीत जा.

आणि गावी सोयाबीनची काढणी सुरू असेल, तर मीम पाठवण्याआधी घरी एक फोन कराच.